इंग्रजीतील ‘उद्या’ : एक प्रत्यय नव्हे, अनेक वाटा

‘-ईल म्हणजे विल’ हे शाळेतील सूत्र अपुरे. मराठीच्या आधारे इंग्रजीतील भविष्यार्थ अधिक सहज उमगू शकतो

भंडारा : मृगाचा पाऊस लांबला की भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांधीवर जे संवाद होतात, त्यांत भविष्यकाळाची सारी रूपे सापडतात. ‘पाऊस आला तर उद्या रोवणी करू’, ‘सोमवारपासून रोवणी करणार आहोत’, ‘मजुरांची गाडी सहाला निघते’, ‘थांबा जी, आलोच!’ या चारही वाक्यांतील घटना अद्याप घडायच्या आहेत. तरीही चारही ठिकाणी क्रियापदाचे रूप निराळे आहे. एकात निश्चय पावसावर अवलंबून आहे, दुसऱ्यात बेत पक्का झालेला आहे, तिसऱ्यात ठरलेले वेळापत्रक आहे, तर चौथ्यात भूतकाळाचे रूप वापरून अगदी जवळचे भविष्य सांगितले आहे. हा भेद शेतकऱ्याच्या घरातील मुलाला कोणी शिकवावा लागत नाही.

हाच मुलगा वर्गात इंग्रजीच्या तासाला बसतो तेव्हा मात्र त्याच्या हाती बहुधा एकच सूत्र पडते. मराठीत क्रियापदाच्या शेवटी ‘-ईन, -शील, -ईल’ आले की इंग्रजीत ‘शॅल’ किंवा ‘विल’ लावायचे, हे ते सूत्र होय. ते पाठ करण्यास सोपे असले तरी प्रत्यक्ष भाषेत ते वारंवार फसते. इंग्रजी बोलणारा माणूस जिथे ‘विल’ वापरत नाही तिथे विद्यार्थी ते घालतो, आणि जिथे ते हवे तिथे वगळतो. परीक्षेतील एखाददुसऱ्या गुणापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. मुलाखत, अर्ज, कार्यालयीन पत्र किंवा धोक्याची सूचना यांत सांगितलेली गोष्ट अंदाज आहे, वचन आहे की पक्का कार्यक्रम, हे याच रूपांवरून ठरते.

पहिलीपासून इंग्रजी

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यापूर्वी हा विषय पाचवीपासून सुरू होत असे. निर्णयाच्या आदल्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, जुन्या भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात राहिले. धानशेती आणि तलावांच्या या प्रदेशातील अनेक घरांत इंग्रजी शिकणारी पहिलीच पिढी शाळेत आली. घरी विचारण्यास कोणी नाही, कानावर इंग्रजी पडत नाही, अशा स्थितीत सूत्राचा आधार घेणे स्वाभाविकच होते. दोष विद्यार्थ्याचा वा शिक्षकाचा नसून सूत्राच्या अपुरेपणाचा आहे.

इंग्रजीत भविष्यकाळ आहे काय?

हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तथापि व्याकरणकारांमध्ये त्यावर दीर्घकाळ चर्चा झाली आहे. मराठीत ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील’ अशी भविष्यार्थी रूपे होतात. धातूलाच प्रत्यय लागतो. इंग्रजीत ‘गो’चे भूतकाळी रूप ‘वेन्ट’ होते, ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते. परंतु भविष्यासाठी क्रियापदाचे स्वतंत्र तिसरे रूप नाही. तिथे दुसऱ्या शब्दाची मदत घ्यावी लागते.

याच कारणास्तव डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीला खऱ्या अर्थाने भविष्यकाळ नसल्याचे प्रतिपादन केले. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ मधील बृहद् व्याकरणाने वर्तमान व भूत हे दोनच काळ मानले. रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ मधील केंब्रिज व्याकरणानेही हीच भूमिका घेतली. शालेय पुस्तकांतून मात्र ‘भविष्यकाळ’ हे शीर्षक सोयीसाठी कायम राहिले. सोय म्हणून ते चालावे. पण भविष्याविषयी बोलणे म्हणजे भविष्यकाळाचे रूप वापरणे, असा समज त्यातून होऊ नये.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांना हा विचार परका नाही. मराठीत क्रियापदाच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात अशी नावे आहेत. ही नावे अर्थावरून नव्हे, तर रूपावरून ठेवलेली आहेत. रूप एक आणि त्याचा काळ दुसरा असू शकतो, याची जाणीव त्यामागे आहे. ‘आलोच’ हे लाख्यात असूनही भविष्य सांगते, ते यामुळेच.

इच्छा आणि कर्तव्य यांतून आलेले शब्द

‘विल’ आणि ‘शॅल’ हे शब्द मुळात काळ दाखविणारे नव्हते. जुन्या इंग्रजीत ‘विल’च्या मूळ क्रियापदाचा अर्थ इच्छा असणे असा होता, तर ‘शॅल’च्या मूळ क्रियापदाचा अर्थ देणे लागणे, बांधील असणे असा होता. जे करण्याची इच्छा आहे वा जे करणे भाग आहे, ते पुढे घडण्याचा संभव असतो. या मार्गाने दोन्ही शब्द भविष्याकडे वळले.

इच्छेचा हा जुना अर्थ आजही पूर्णपणे लोपलेला नाही. दार अडकले असता इंग्रजीत ‘द डोअर वोन्ट ओपन’ असे म्हणतात. याचे भाषांतर ‘दार उघडणार नाही’ असे केल्यास अर्थ हुकतो. खरे मराठी भाषांतर ‘दार उघडेना’ हे होय. पंप सुरू होईना, पोर ऐकेना, बैल हलेना, या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘वोन्ट’ शोभते. नकाराचा हट्ट दोन्ही भाषांनी आपापल्या परीने नोंदविला आहे.

‘आय’ आणि ‘वी’बरोबर ‘शॅल’, इतरांबरोबर ‘विल’ हा शाळेत शिकविला जाणारा नियम इंग्रज व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. पुढे तो पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या भारतीय पिढ्यांनाही तो परिचित आहे. आजच्या इंग्रजीत मात्र सर्व पुरुषांसाठी ‘विल’च सर्रास वापरले जाते आणि ‘आय विल गो’ हे निर्दोष मानले जाते.

‘शॅल’ आता प्रामुख्याने दोन ठिकाणी टिकून आहे. एक, विचारणा करताना : ‘शॅल आय कम?’ म्हणजे ‘मी येऊ का?’ आणि ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघू या का?’ दोन, कायद्याच्या भाषेत. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत हा शब्द पदोपदी आढळतो. तिथे पुढे काय घडेल याचा अंदाज बांधलेला नसून काय असलेच पाहिजे याचा दंडक घातलेला आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली होती, त्यामुळे या जिल्ह्याला त्या नावाशी जवळीक आहे. घटनेतील ‘शॅल’ केवळ भविष्यकाळ म्हणून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हक्काचे वाक्य भाकितासारखे वाटेल. व्याकरणाची चूक अर्थाच्या मुळाशी कशी पोचते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कोणते रूप केव्हा?

इंग्रजीत भविष्याविषयी बोलताना बोलणाऱ्याचा आधार काय आहे, यावर रूप ठरते. मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

अंदाज, वचन आणि तत्क्षणी केलेला निश्चय : येथे ‘विल’ येते. ‘आय थिंक ही विल पास’ म्हणजे ‘तो पास होईल असे वाटते’. ‘आय विल रिटर्न युअर बुक’ म्हणजे ‘तुमचे पुस्तक परत करीन’. याच प्रकारात मराठी विद्यार्थ्यांची एक हमखास चूक होते. फोन वाजताच मराठी माणूस म्हणतो, ‘थांब, मी घेतो.’ मराठीत वर्तमानकाळ आहे. परंतु निश्चय त्याच क्षणी झाला असल्याने इंग्रजीत ‘आय विल आन्सर इट’ असेच म्हणावे लागते. ‘मी सांगतो’, ‘मी आणून देतो’, ‘मी बघतो’ या साऱ्यांना इंग्रजीत ‘विल’ लागते. म्हणजे प्रत्यय नसतानाही ‘विल’ येते, हे सूत्रात बसत नाही.

आधीच केलेला बेत आणि दिसणारे लक्षण : येथे ‘गोइंग टू’ येते. ‘वी आर गोइंग टू बाय अ पंप’ म्हणजे ‘आम्ही पंप घेणार आहोत’. पश्चिमेला ढग दाटून आले, वारा पडला, की ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणजे ‘पाऊस येणार’. मराठीतील ‘-णार’ हे रूप याच्या सर्वांत जवळचे आहे. ‘पाऊस येईल’ आणि ‘पाऊस येणार’ यांतील फरक ज्याला कळतो, त्याला ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांतील फरक निम्मा कळलेलाच असतो.

दुसऱ्याशी बोलून पक्के केलेले : येथे चालू वर्तमानकाळ येतो. ‘माय अंकल इज कमिंग ऑन संडे’ म्हणजे ‘काका रविवारी येताहेत’. काकांचा निरोप आलेला आहे आणि दिवस ठरलेला आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तेव्हा पाहुण्यांविषयी घरात बोलले जाते ते याच रूपात. येथे दिवसाचा उल्लेख असल्यास भविष्याचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो.

वेळापत्रक : येथे साधा वर्तमानकाळ पुरतो. वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर उभा असलेला प्रवासी ‘गाडी नऊला सुटते’ असे म्हणतो. इंग्रजीतही ‘द ट्रेन लीव्हज ॲट नाइन’ असेच म्हणतात. दोन्ही भाषा येथे तंतोतंत जुळतात. शाळा उघडण्याची तारीख, परीक्षेची वेळ, बसचे सुटणे यांना हेच रूप लागू होते.

अगदी बेतात आलेले : येथे ‘अबाउट टू’ येते. ‘द बस इज अबाउट टू लीव्ह’ म्हणजे ‘बस सुटण्याच्या बेतात आहे’. मराठीतील ‘आलोच’ याला मात्र इंग्रजीत भूतकाळ चालत नाही. तिथे ‘कमिंग!’ किंवा ‘आय ॲम कमिंग’ हे योग्य होय.

औपचारिक कार्यक्रम व आदेश : येथे ‘इज टू’ वा ‘आर टू’ येते. इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तर सहायक क्रियापदही गाळले जाते. ‘मिनिस्टर टू व्हिजिट भंडारा’ या मथळ्याचा अर्थ ‘मंत्री भंडाऱ्याला भेट देणार’ असा आहे. मराठी मथळ्यांतही ‘आहेत’ गाळून ‘देणार’ एवढेच ठेवतात, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे एखाद्या क्षणी चालू असणारी किंवा संपलेली क्रिया : ‘विल बी वर्किंग’ म्हणजे ‘काम करत असेल’ आणि ‘विल हॅव फिनिश्ड’ म्हणजे ‘संपविलेले असेल’. ही रूपे भविष्यापुरती मर्यादित नाहीत. ‘बाबा आता शेतात असतील’ या मराठी वाक्यात ‘असतील’ असले तरी गोष्ट आताची आहे, ती केवळ अंदाजाने सांगितली आहे. इंग्रजीतही ‘फादर विल बी इन द फील्ड नाऊ’ असे म्हणता येते. दोन्ही भाषांत भविष्याचे रूप खात्री नसलेल्या वर्तमानासाठी वापरले जाते. रूप आणि काळ एक नव्हेत, याचा हा आणखी एक पुरावा.

‘जर’ आणि ‘जेव्हा’ची अडचण

सर्वाधिक चुका होतात त्या जोडवाक्यांत. ‘इफ इट विल रेन’ अशी वाक्यरचना उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. इंग्रजीचा नियम असा की ‘इफ’, ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अन्टिल’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात भविष्याचा अर्थ असला तरी सामान्यतः ‘विल’ येत नाही, वर्तमानकाळ येतो. म्हणून ‘इफ इट रेन्स, वी विल ट्रान्सप्लांट टुमॉरो’ हे योग्य होय.

हा नियम तोंडपाठ करण्याऐवजी मराठीकडे पाहिल्यास तो पटतो. ‘पाऊस आला तर उद्या रोवणी करू’ या वाक्यात ‘तर’च्या आधी मराठीनेही भविष्यकाळ टाळला आहे. तिथे ‘आला’ आहे. एकदा अट मांडली की भविष्याची खूण मुख्य वाक्याने वाहायची, ही पद्धत दोन्ही भाषांत आहे. फरक इतकाच, की मराठी भूतकाळाचे रूप घेते आणि इंग्रजी वर्तमानकाळाचे. ‘जेव्हा’ मात्र फसवे आहे. ‘जेव्हा पाऊस येईल तेव्हा’ असे मराठीत चालते, इंग्रजीत ‘व्हेन इट विल रेन’ चालत नाही. अशा वेळी मनातल्या मनात ‘पाऊस आल्यावर’ असे वाक्य बदलून घ्यावे. ‘येईल’ नाहीसे झाले, की ‘विल’चा मोहही टळतो.

‘पाऊस येईन’ : चूक की वळण?

भंडारा जिल्हा हा झाडीबोलीचा प्रदेश आहे. साकोली येथील अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला आणि तिला साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी परिश्रम घेतले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही विदर्भातील मराठीच्या वळणांची दखल घेतलेली आहे.

प्रमाण मराठीत ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’ असा भेद आहे. विदर्भातील बोलण्यात ‘तो येईन’, ‘पाऊस येईन’, ‘तू जाशीन’ अशी रूपे सर्रास ऐकू येतात. ‘ल’च्या जागी ‘न’ आल्याने प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचन सारखे होते. शाळेत यावर लाल रेघ ओढली जाते आणि प्रमाण लेखनासाठी ती दुरुस्ती आवश्यकही आहे. परंतु या रूपाला अज्ञान समजणे योग्य नव्हे. इंग्रजीने नेमकी हीच वाट पुढे नेली आहे. तिथे ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘दे’ सर्वांना एकच ‘विल’ पुरते. कर्ता वेगळा सांगितलेला असल्याने क्रियापदावर त्याची खूण नसली तरी अर्थात बाध येत नाही.

प्रमाण मराठीचे ‘-ईल’ हेही काळाच्या ओघात घडलेले रूप आहे. जुन्या मराठीत ‘करी’ हे वर्तमानकाळी रूप होते. त्याला ‘ल’ जोडला जाऊन ‘करील’ झाले. मूळ ‘करी’ आज ‘तो रोज व्यायाम करी’ अशा वाक्यांतून भूतकाळातील सवय सांगते. म्हणजे एकाच रूपाने शतकांच्या प्रवासात काळ बदलला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. तेव्हापासून मराठी क्रियापदाची सूक्ष्म चिकित्सा उपलब्ध आहे. इंग्रजी शिकविताना तिचा उपयोग मात्र क्वचितच केला जातो.

जिथे फरक जिव्हाळ्याचा ठरतो

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक गावांना वेढा घातला होता. पुराच्या काळात सूचना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि तिथे भविष्याच्या प्रत्येक रूपाला वजन असते. ‘पाण्याची पातळी वाढेल’ हा अंदाज झाला. ‘पातळी वाढणार आहे’ यात दिसणाऱ्या लक्षणांचा आधार आहे. ‘रात्री दहा वाजता दरवाजे उघडले जाणार आहेत’ हा ठरलेला कार्यक्रम आहे. इंग्रजीत या तिन्हींसाठी अनुक्रमे ‘विल राइज’, ‘इज गोइंग टू राइज’ आणि ‘आर टू बी ओपन्ड’ ही रूपे आहेत. सर्वत्र ‘विल’ लावल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या चूक ठरणार नाही. पण सामान हलवायचे की वाट पाहायची, हे ठरविणाऱ्या माणसाला हवा असलेला फरक त्यातून पुसला जाईल.

नोकरीच्या मुलाखतीतही तसेच घडते. पुढे काय करणार, या प्रश्नाला ‘आय विल डू डिप्लोमा’ असे उत्तर दिल्यास ते त्या क्षणी सुचल्यासारखे वाटू शकते. ‘आय ॲम गोइंग टू डू अ डिप्लोमा’ म्हटल्यास बेत आधीच केला असल्याचे कळते. ‘आय ॲम जॉइनिंग द कोर्स इन जुलै’ म्हटल्यास प्रवेशही निश्चित झाल्याचे ध्वनित होते. माहिती तीच असली तरी तिन्ही उत्तरांतून उमेदवाराची तयारी निरनिराळी दिसते.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे

भविष्याचे वाक्य इंग्रजीत मांडण्यापूर्वी शेवटचा प्रत्यय न पाहता स्वतःला प्रश्न विचारावा : हे मला कशावरून माहीत आहे? आताच ठरविले वा मनाचा अंदाज असेल तर ‘विल’. आधी ठरविले वा समोर लक्षण दिसत असेल तर ‘गोइंग टू’. दुसऱ्याशी पक्के झाले असेल तर चालू वर्तमानकाळ. वेळापत्रकात असेल तर साधा वर्तमानकाळ. ‘जर’ व ‘जेव्हा’च्या उपवाक्यात ‘विल’ टाळावे. ‘मी येऊ का?’ असे विचारायचे असेल तर ‘शॅल’ जपून ठेवावे. या सीमारेषा सर्वत्र काटेकोर नाहीत. इंग्रजी भाषकही पुष्कळदा दोन्ही रूपे वापरतात. पण प्रारंभासाठी एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

यातील एकही भेद भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला सर्वस्वी नवा नाही. ‘येईन’, ‘येणार आहे’, ‘येतो’ आणि ‘आलोच’ यांपैकी काय केव्हा म्हणावे, हे त्याला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच अवगत असते. निरोप घेताना दारातून ‘येतो जी’ म्हणणारी व्यक्ती वर्तमानकाळात पुन्हा भेटण्याचे आश्वासन देत असते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘-ईल म्हणजे विल’ लिहिण्याआधी ही चार रूपे शेजारी शेजारी लिहिली, तर पुढचा बराचसा धडा विद्यार्थी स्वतःच पूर्ण करू शकतील.